दाखल्यावरची वेळ

मित्रांनो, शाई लागत नाही असा मी एक जुना शिक्का आहे. शिक्का म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर लाकडी मुठीचा, रबराचा, जांभळ्या गादीवर धपाधप आपटणारा गडी येत असेल. तो माझा चुलत भाऊ. तो आपटतो, मी दाबतो. माझ्या लोखंडी जबड्यात कागद सरकवायचा, वरचा दांडा खाली ओढायचा, की कागदावर एक गोल उठतो. रंग नाही, रेघ नाही, नुसता उंचवटा. उजेडात तिरका धरला तर दिसतो, आणि बोट फिरवले तर अंधारातही कळतो.

माझी मान लांब आणि पुढे वाकलेली आहे, म्हणून नोंदणी कार्यालयात सगळे मला ‘बगळा’ म्हणत. खरेदीच्या पावतीवर माझे नाव चांगले भारदस्त होते, पण ते नंतर कोणी उच्चारल्याचे मला आठवत नाही. “बगळा कुठे ठेवलाय?” आणि “बगळ्याला तेल घातलं का?” एवढ्यावरच माझे आयुष्य गेले.

माझे अंग भट्टीत ओतले गेले, पण माझा चेहरा एका कारागिराने कोरला. चेहरा म्हणजे माझ्या जबड्यातली पितळी चकती. तिच्यावर अक्षरे उलटी कोरावी लागतात, तेव्हा ती कागदावर सुलटी उठतात. तो कारागीर डोळ्याला भिंग लावून दिवसदिवस उलटे लिहीत बसे. त्याची बायको म्हणे, “उलटं लिहून लिहून तुमचं डोकंही उलटं चालायला लागलंय. मी मीठ मागते आणि तुम्ही साखर आणता.” तो हसायचा आणि कोरत राहायचा. काम झाल्यावर त्याने चहाच्या पुड्याच्या कागदावर मला पहिल्यांदा दाबले, अंगठा फिरवला आणि म्हणाला, “बसलं बरोबर.” माझे एवढेच बारसे.

मग मी काउंटरवर आलो. समोर काच, काचेला खाली अर्धगोल भोक. भोकापुढची लाकडी फळी लोकांच्या कोपरांनी घासून गुळगुळीत झालेली. पलीकडे एक लांब बाक, त्याच्या एका टोकाला बसले की दुसरे टोक उचलले जाई. मागच्या खोलीत पत्र्याच्या मांडण्यांवर गावाच्या सगळ्या नोंदी. जन्म, लग्न, मृत्यू, तिन्ही कामे एकाच काउंटरवर चालत.

काही दिवसांतच मी माणसे न बोलता ओळखायला शिकलो. जन्माचा दाखला घ्यायला आलेले लोक हसत येतात. लग्नाचा घ्यायला आलेले रांगेवरून भांडतात. आणि मृत्यूचा दाखला मागायला आलेले माणूस आधी माफी मागते.

खरेच सांगतो. “माफ करा हं, जरा वडिलांच्या दाखल्याची नक्कल हवी होती.” “सॉरी मॅडम, तुम्हाला त्रास देते.” जणू त्यांच्या हातून काहीतरी फुटले आहे आणि ते भरून द्यायला आले आहेत. नकला किती हव्यात असे विचारले की ते आणखीच ओशाळतात.

“एकच द्या.”

“एक पुरणार नाही,” आमच्या नोंदणीबाई म्हणत. “बँक एक ठेवून घेते, विमावाले एक ठेवून घेतात, घराच्या कामाला एक लागते. पाच घ्या.”

“पाच? नको हो. बरं दिसत नाही.”

“कोणाला बरं दिसत नाही? इथे मी आहे आणि हा बगळा आहे. आम्ही कोणाला सांगणार नाही.”

तरीही ते एकच नेत आणि मग बिचारे हेलपाटे घालत.

या नोंदणीबाईंबद्दल सांगायलाच हवे. माझ्या दांड्यावर त्यांचा हात इतकी वर्षे पडला की तिथला रंग जाऊन लोखंड चमकू लागले होते. त्यांची एक पद्धत होती. नक्कल तयार झाली की ती माझ्या तोंडात देण्याआधी त्या ओळ न् ओळ मोठ्याने वाचून दाखवत. “ऐका हं. मी वाचते, मग दाबते. दाबल्यावर माझ्या हातात काही राहत नाही.” कारण मी दाबेपर्यंत तो साधा कागद असतो, फाडून दुसरा छापता येतो. मी दाबल्यावर तो दाखला होतो. मग चूक निघाली तर दुरुस्तीचा अर्ज, पुरावा, वरच्या साहेबांची सही, असा मोठा फेरा.

पण गंमत पाहा, मृत्यूच्या दाखल्याला आलेले कोणीच ऐकत नाही. नोंदणीबाई वाचत असतात आणि माणूस भिंतीवरच्या सूचना, पंखा, माझी मान, काहीही बघत असते. “हो, हो, बरोबर.” त्यांना ते ऐकवतच नाही. आणि मग मला दाबावे लागते. मित्रांनो, माझे नक्षीकाम बघून मोठमोठ्या साहेबांनी वाहवा केली आहे, “काय स्वच्छ उठतो!” म्हणून पाहुण्यांना दाखवले आहे. पण त्या ‘हो, हो’नंतर दांडा खाली येताना मला दर वेळी वाटे, की ज्याचे नाव माझ्याखाली आहे त्याला मीच नेतो आहे.

एकदा एक बसचालक बाई आल्या. अंगात गणवेश, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, दोन फेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत धावत आलेल्या. आई गेली होती. नोंदणीबाईंनी वाचायला सुरुवात केली. नाव, वय, पत्ता. मृत्यूची वेळ, सकाळ. खबर देणार, वरच्या मजल्यावरील शेजारीण.

“हो, बरोबर,” चालकबाई म्हणाल्या. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

“ऐकलंत ना?”

“ऐकलं म्हटलं ना. बस उभी आहे माझी.”

दांडा खाली आला. मी दाबले.

काही दिवसांनी त्या परत आल्या. या वेळी घाई नव्हती. दाखला भोकातून आत सरकवला, तर त्यावरची वेळ पेनाने खोडलेली.

“अहो, हे काय केलंत? खोडलेला दाखला कुठे चालत नाही.”

“चुकीचा होता. आई सकाळी गेली नाही. दुपारी जिवंत होती.”

“मी वाचून दाखवलं होतं.”

“मी ऐकलंच नव्हतं.”

“ते मला माहीत आहे,” नोंदणीबाई म्हणाल्या. त्यांनी मागच्या खोलीतून नोंद आणून उघडली. “डॉक्टरांनी सकाळी तपासून लिहून दिलंय.”

“डॉक्टर चुकतात. मी चुकले नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.” मग त्या फळीवर कोपर टेकून सांगू लागल्या. त्यांची बस रोज आईच्या घरावरून जाई. तिथे थांबा नव्हता. म्हणून त्या दोनदा हॉर्न वाजवत, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई हात बाहेर काढून भांडी पुसायचे फडके हलवी. रस्त्यावरून दिसायचे ते तेवढेच, एक हात आणि एक फडके. वर्षानुवर्षे दोघींची भेट ती एवढी. “सुट्टीच्या दिवशी येईन म्हणायचे आणि झोपून राहायचे,” त्या म्हणाल्या. “रोज घरावरून जात होते ना. वाटायचं, भेट झालीच की.”

“आणि त्या दिवशी?”

“सकाळी फडकं दिसलं नाही. वाटलं, आंघोळीला गेली असेल. मग दिसलं. दुपारीही दिसलं. संध्याकाळी डेपोत गाडी लावली तेव्हा साहेबांनी सांगितलं, आई गेली. शेजारच्या काकूंचा फोन होता. म्हणजे दुपारनंतरच गेली ना?”

नोंदणीबाईंनी समोरची नोंद मिटून बाजूला सारली. मग हळूच म्हणाल्या, “या वेळेमुळे तुमचं काही काम अडलंय का? बँकेत वगैरे?”

“काम कसलं? घरमालक किल्ली मागतोय, ती मी अजून दिली नाही, एवढंच. पण मॅडम, ती सकाळी गेली असेल, तर मी दिवसभर कोणाला हॉर्न देत होते?”

नोंदणीबाईंनी खोडलेला दाखला बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “ज्यांनी खबर दिली त्या बाईंना घेऊन या. वेळ सांगताना माझी चूक झाली, असं त्यांनी लिहून दिलं, तर मी डॉक्टरांना विचारून वर पाठवते.”

त्यानंतर दोघी एकत्र आल्या. शेजारीण म्हणजे शिवणकाम करणारी एक म्हातारी बाई. गळ्यातली मापाची पट्टी काढायला विसरलेली, पदराला टाचण्या तशाच. जिना चढून आल्याने धाप लागलेली, पण बाकावर टेकायला तयार नव्हती. त्यांच्या मागे रांगेत एक तरुण माणूस कागदांची गुंडाळी मांडीवर आपटत उभा होता.

“काकू, सांगा यांना,” चालकबाई म्हणाल्या.

“हो,” शेजारीण काचेकडे न बघता म्हणाली. “चुकलं माझं. दुपारी गेली ती. मी गडबडीत सकाळ सांगितलं. कुठे सही करू?”

इतक्या पटकन कबूल होणारे माणूस आमच्याकडे सहसा येत नाही. नोंदणीबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. जबाब लिहिला, आणि नेहमीच्या सवयीने म्हणाल्या, “सही करण्याआधी वाचते. ऐका.”

“अहो, वाचायचं काय त्यात?”

“माझी पद्धत आहे.” आणि त्या वाचू लागल्या. “मी, खाली सही करणार, लिहून देते, की मी सांगितलेली सकाळची वेळ चुकीची असून सदर महिला दुपारपर्यंत हयात होती व मी तिला...”

“थांबा,” शेजारीण म्हणाली. “दुपारपर्यंत काय?”

“हयात.”

“म्हणजे जिवंत.”

“हो.”

शेजारणीने हातातले पेन फळीवर ठेवले. मित्रांनो, इतक्या वर्षांत त्या काउंटरवर नीट ऐकणारे मला भेटलेले ते पहिले माणूस.

“नाही हो,” ती म्हणाली. “नव्हती.”

“काकू, असं काय करताय? मी पाहिलंय. फडकं...”

“फडकं मी हलवलं.”

मागचा माणूस नेमका तेव्हाच म्हणाला, “अहो, आज होईल का आमचं?” कोणी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याचे त्यालाच काय वाटले कोण जाणे, तो कागद आपटायचा थांबला.

शेजारीण आता चालकबाईंकडे वळली होती. “सकाळी तिचा पेपर द्यायला खाली उतरले, तर ती खुर्चीतच. डॉक्टर आले, बघून गेले. मी तिच्याजवळ बसले होते, तेवढ्यात तुझी बस आली. दोनदा हॉर्न. मी हललेच नाही. पुढच्या फेरीला परत आलीस. या वेळी बस हळू केलीस, मान वाकडी करून वर बघत होतीस, आणि मागच्या गाड्या बोंबलत होत्या. म्हटलं, ही आता भर रस्त्यात काहीतरी वेडंवाकडं करते. हाताशी फडकं होतं. हलवलं.”

“आणि दुपारी?”

“एकदा हलवल्यावर मग थांबवू कशी?”

चालकबाईंचा आवाज बारीक झाला. “मी हसले होते, काकू. फडकं दिसलं आणि मी हसले. पुढच्या सीटवरच्या बाईंना म्हटलंसुद्धा, ती बघा माझी आई.”

शेजारणीने दोन्ही हातांनी गळ्यातली पट्टी घट्ट धरली.

“तुम्ही सांगायला हवं होतं. मी बस थांबवली असती.”

“म्हणूनच नाही सांगितलं. बसभर माणसं होती गं तुझ्या मागे. डेपोतही म्हटलं, गाडी लावल्यावरच सांगा.”

“ती माणसं माझी कोण लागत होती?”

“कोणी नाही. तशी मी तरी तुझी कोण?” ती म्हणाली. “पण मनात येतं ना. तिचं फडकं, तिचा हात, तिची लेक, आणि मध्ये मी जाऊन उभी राहिले. चोरी केल्यासारखं झालं. तेव्हापासून मी घरी फडक्याने भांडं पुसत नाही. पालथं घालते आणि वाळू देते. आणि तू परवा येऊन म्हणालीस, काकू, दुपारी होती ना हो ती? तुझं तोंड बघून मी हो म्हटलं. म्हटलं, राहू दे हिच्याजवळ ती दुपार.”

मी लोखंडाचा आहे. माझ्या पोटात एक स्प्रिंग आणि थोडे जुने तेल, याहून जास्त काही नाही. पण जी वेळ या दोघींना नको होती ती मी एकदा दाबून बसलो होतो, आणि आता पुन्हा दाबायची पाळी माझ्यावरच येणार, हे मला दिसत होते. एखादे वेळी दांडा अडकतो. तेव्हा मनापासून वाटले, अडकावा.

मग चालकबाईंनी विचारले, “दिवसभर तुम्ही एकट्याच होतात तिच्याजवळ?”

“मग काय करणार? तिला एकटीला टाकून वर जाऊ? शिवायचं घेऊन बसले. तिच्याच गाऊनची शिवण उसवली होती, ती शिवून टाकली. अधूनमधून बोलले तिच्याशी.”

“काय बोललात?”

“शिव्या दिल्या,” शेजारीण डोळे पुसत म्हणाली. “म्हटलं, बाई, लेकीला रोज म्हणायचीस, वर काय बघतेस, रस्त्याकडे बघ. आता मला कामाला लावून बसलीस.”

“आई असं म्हणायची? रस्त्याकडे बघ?”

“रोज. जीव नुसता टांगणीला असायचा तिचा. आणि तरी तुझी बस यायच्या आधीच फडकं घेऊन उभी.”

चालकबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कशाचा, ते मला आजही सांगता येत नाही. मागच्या माणसाने आपला रुमाल पुढे केला आणि म्हणाला, “ताई, तुम्ही सावकाश घ्या. माझं काय, जन्माचा दाखला आहे. ते पोर कुठे पळून चाललंय?”

नोंदणीबाईंनी तो अर्धवट जबाब आडवा फाडला आणि विचारले, “मग? काय करू?”

“नवीन नक्कल द्या.”

नक्कल छापून आली. नोंदणीबाईंनी वाचायला घेतली. या वेळी चालकबाई ना भिंतीकडे बघत होत्या ना घड्याळाकडे. त्या वाचणाऱ्या बाईंच्या तोंडाकडे बघत होत्या. नाव. वय. पत्ता. “मृत्यूची वेळ, सकाळ.” इथे नोंदणीबाई थांबल्या, एरवी कधी थांबत नसत.

“हो,” चालकबाई म्हणाल्या. “सकाळ.”

“खबर देणार, वरच्या मजल्यावरील शेजारीण.”

“हो.”

“दाबू?”

“दाबा. आणि दोन द्या.”

“दुसरी कशाला लागणार?”

“काकूंना.”

शेजारीण दचकली. “मला कशाला? मी काय करू त्याचं? मी कोण?”

“तुम्ही होतात ना तिथे,” चालकबाई म्हणाल्या. आवाजात राग होता. तो त्यांनी लपवलाही नाही.

मी दोनदा दाबले. दांडा कुठेही अडकला नाही. शेजारणीने आपल्या कागदावरच्या उंचवट्यावरून बोट फिरवले, शिवण तपासावी तसे, आणि कागद ब्लाउजात ठेवायला गेली. मग दुमडेल म्हणून हातातच धरला.

त्या गेल्या तेव्हा मला काचेतून जिन्यापर्यंतचे दिसत होते. चालकबाईंनी ‘माफ केलं’ असे म्हटले नाही, आणि शेजारणीनेही माफी मागितली नाही. चालकबाई पुढे, म्हातारी मागे. जिन्याशी पोचल्यावर पुढची थांबली. वळून पाहिले नाही, हात दिला नाही, किल्ल्यांचा जुडगा उगाच चाळवत उभी राहिली. मागची जवळ आल्यावर दोघी पायरी पायरी उतरू लागल्या.

मग तो तरुण पुढे आला. नोंदणीबाई वाचू लागल्या. “जन्माची वेळ, पहाट. बरोबर?”

“असेल,” तो ओशाळून म्हणाला. “मी तेव्हा नेमका चहा प्यायला बाहेर गेलो होतो.”

“सगळेच कुठेतरी गेलेले असतात हो,” नोंदणीबाई म्हणाल्या. “ऐका पुढचं.” आणि तो कान देऊन ऐकू लागला.

आता माझे काम संपले आहे. नोंदणीबाई निवृत्त झाल्या. दाखले यंत्रातून निघतात आणि त्यावर ठिपक्याठिपक्यांचा एक चौकोन छापलेला असतो. दाबायला कोणी लागत नाही, वाचून दाखवायलाही नाही. मी मागच्या खोलीत कपाटावर आहे. कधी कोणी माझ्यावर रेनकोट वाळत टाकते, कधी उडणाऱ्या कागदांवर वजन म्हणून ठेवते. स्प्रिंगला गंज चढला आहे. तुमच्यापैकी कोणी इकडे आलेच, तर दोन थेंब तेल घाला, बरे वाटेल. पण ते राहिले तरी चालेल. माझे मागणे वेगळे आहे.

मित्रांनो, काउंटरवर तुमच्या पुढे उभे असलेले माणूस वेळ लावत असेल, तर कागद आपटू नका. आणि तुमच्या घरात, शेजारात कोणीतरी तुमच्या भल्यासाठी काहीतरी झाकून ठेवले असेल. एक दिवस ते तुम्हाला कळेल. तेव्हा खुशाल रागवा, मी नको म्हणणार नाही. ते माणूस बरोबर वागले की चूक, हे मला इतकी वर्षे विचार करूनही ठरवता आलेले नाही. पण रागातसुद्धा चाल थोडी हळू ठेवा. मागून येणाऱ्याचे गुडघे दुखत असतात, आणि जिना तुम्हा दोघांनाही उतरायचा असतो.